बाप्तिस्म्याचं पाणी

थोरली मुलगी तापाने गेली, त्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याच देवळाची पायरी चढलो नाही. देवाचं नाव काढलं की डोकं फिरायचं. असा माणूस चर्चमध्ये गवंडीकामाला गेला तो निव्वळ पोटासाठी. गोरे साहेब देश सोडून जाऊन पाच-सात वर्षं झाली असतील. आमच्या तळवड्याहून सायकलीने जाण्याजोग्या लष्करी वस्तीत त्यांनी बांधलेलं दगडी चर्च होतं. आता जुना वारसा म्हणून त्याचा मान आहे, लोक मुद्दाम बघायला येतात. तेव्हा छत गळत होतं आणि प्रार्थनेला जेमतेम पाच-सहा मराठी ख्रिस्ती घरं जमायची.

जुनं बांधकाम चुन्यातलं, म्हणून दुरुस्तीही चुन्यानेच करायची होती. त्या दुपारी तिथे एका बाळाचा बाप्तिस्मा होता, म्हणून मी आणि माझा मेहुणा सकाळीच घाई करत होतो. कळीचा चुना पाण्यात विझवताना मी नको तेवढा वाकलो. खडा फुटला आणि रटरटता चुना दोन्ही डोळ्यांत उडाला.

मेहुणा ओरडला, "दाजी, पाणी लावू नका, उकळंल त्यो!" मलाही तेच ठाऊक होतं. पाणी पडताच चुना कसा खदखदतो हे जन्मभर पाहिलेलं. "तूप आण, तेल आण," म्हणत मी डोळे गच्च दाबून धरले. घरी दोन लहान पोरं होती. आंधळ्या गवंड्याला कोण कामावर घेणार? मी पार घाबरलो होतो.

चर्चची देखरेख करणारी म्हातारी नगरकडची होती, सगळे तिला मावशी म्हणत. तिने माझं बखोट धरून मला आत ओढलं. दाराशीच बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी पाण्याने भरून ठेवलेलं दगडी पात्र होतं.

"डोळं उघड."

"मावशी, पाणी नको! जळंल."

"आता काय गार वाटतंय व्हय रं? उघड म्हणते ना!"

काय झालं सांगता येत नाही, पण माझी हुज्जत संपली. मी हात सोडले. तिने ओंजळीमागून ओंजळ मारली. तोंडातून आपसूक "मोरया, मोरया" निघू लागलं, तेही चर्चमध्ये! मी ओशाळून थांबलो, तर म्हणाली, "म्हण की. ऐकतोय त्यो." बाळाची माणसं तयारीसाठी लवकर आली तेव्हा पात्रातलं पाणी पांढरं झालेलं. बाळाची आई नव्या लुगड्याचा पदर खोचून विहिरीवर गेली आणि बादल्या भरभरून आणू लागली.

डावा डोळा गेला. उजवा राहिला. डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाण्याने धुतला म्हणून राहिला, तुपाची वाट पाहिली असतीत तर दोन्ही गेले असते." ते म्हणतात तसंच असेल, मी वाद घालत नाही. गावात मात्र, "काय राव, बाटला म्हणं!" अशी थट्टा चालली. बायकोने गणपतीपुढे नारळ फोडून मावशीला खोबरं पाठवलं. तिने ते डोक्याला लावून खाल्लं.

चुन्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते खोटं नव्हतं, पण त्याच्याच भरवशावर मी आंधळा होणार होतो. दुसऱ्याच्या हाती मान द्यावी लागली तेव्हा सुटलो. मुलगी का गेली, हे अजून कळलेलं नाही. आता विचारतही नाही. देवळात पुन्हा जाऊ लागलो. देवापुढे हात जोडून सगळे डोळे मिटतात. मला राहिलेला डोळा मिटवत नाही, मावशीचं 'डोळं उघड' आठवतं.