सेलची एक दिवसाची सुट्टी

विश्वकर्मा पूजेला भिलाईत सगळी मशिनं आराम करतात... आणि मी लॅबमध्ये तोंड फुगवून बसले होते.

मी लिथियम मेटल बॅटरीवर पीएचडी करते. चार्ज करताना त्यात लिथियम सपाट बसत नाही, सुईसारखे काटे फुटतात. काटा आरपार गेला की शॉर्ट, मग आग. ते होऊ नये म्हणून मी लिथियमवर एक पातळ थर देते.

तो थर दिलेला एकच सेल महिनोन्महिने टिकला होता. पण कपॅसिटी रोज थोडी उतरत होती. लिमिटच्या खाली गेला की फेल... आणि माझं हे शेवटचं वर्ष!

अशात लॅब असिस्टंट साहूजी नारळ-अगरबत्ती घेऊन आले आणि म्हणाले, आज सेल सतत चार्ज-डिस्चार्ज करणारा टेस्टरही बंद. आमचे गाइड सरही त्यांच्याच बाजूचे. मी चिडून वैशाली नगरला बाबांना फोन लावला. ते स्टील प्लांटच्या मशीन शॉपमधून रिटायर झालेत. म्हटलं, तुमची भट्टी कुठे बंद होते पूजेला?

बाबा शांतपणे म्हणाले, "भट्टी नाई थांबत बाई. पण माह्या लेथले मी आराम देत होतो. तू कावून एवढी तडफडून राहिली?"

झालं! आता भांडू कोणाशी? पण अगरबत्तीच्या खोलीत चार्ज केलेला सेल ठेवायला जीव धजेना. तो पूर्ण डिस्चार्ज होईपर्यंत साहूजींना थांबवलं, मग काढून ठेवला. प्रसादाची बुंदीसुद्धा रागातच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सेल परत लावला... आणि संध्याकाळी बघते तर कपॅसिटी वर! फार नाही, पण वर. वायरी तपासल्या, सेटिंग तपासलं, शेवटी सरांना बोलावलं.

सर हसले. डिस्चार्ज झालेल्या सेलला विश्रांती मिळाली की काट्यांतून तुटून निकामी पडलेलं लिथियम थोडं परत जोडलं जातं, असं इतरांनीही पाहिलंय म्हणाले. मीच माझ्या सेलला कधी बसू दिलं नव्हतं.

घरी बाबांना मोबाईलवर ग्राफ दाखवला. चष्मा लावून त्यांनी विचारलं, "हे मधातच वर कावून गेलं?"

म्हटलं, "बाबा, ती तुमची पूजा."

सेल अजून लिमिटच्या वर आहे. थीसिसमध्ये त्या दिवसाला 'रेस्ट पीरियड' म्हणावं लागेल... पण आभाराच्या पानावर साहूजी आणि बाबा, सरांच्याही आधी.