कान तुटलेली कॅसेट

आमच्या घरचा चोर सापडला तो मी निवडलेल्या कॅसेटमुळंच, ही गोष्ट मिरजगावात आजही कुणी नाकारत नाही. (बाकीचं सगळं नाकारायची माझी लई इच्छा आहे, पण साक्षीदार फार आहेत!)

आमच्या अंगणात भिंतीला लागून एक लिंबोणी आहे. भिंतीपलीकडं माझा चुलतभाऊ गेनबा. भिंत मीच बांधली. का? तर लिंबोणीची एक फांदी त्याच्या अंगणात गेली आणि तो म्हणाला, "दादा, लिंबं तुमची आन पाला झाडायचा आमी व्हय?" झालं! भिंत उभी, अबोला सुरू. त्याच्या पोरीच्या, शालनच्या लग्नालासुद्धा मी गेलो नाही. लग्न भिंतीपलीकडच्या मांडवात होतं, म्हणून मुद्दाम आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं की उद्या मला नगरला काम आहे. आमची सुभद्रा म्हणाली, "मंग मी बी माहेरी जाते." मला बरं वाटलं. बायको असावी तर अशी!

पुढच्या उन्हाळ्यात लिंबं चोरीला जायला लागली. दुपारी माझा डोळा लागला की पिकलेली, रसाळ तेवढी गायब. चोराला पारख होती! मी पारावर जाऊन सांगून टाकलं, "चोराला गल्लीदेखत धरीन आन त्याच्याच हातानं समद्या गल्लीला सरबत पाजीन. न्हाई धरला तर फेटा उतरवून बोडका फिरीन!" हे मी गेनबाच्या घराकडं तोंड करून बोललो. कुणाचं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती.

आमचा पोरगा दत्ता नागापूरच्या एका कारखान्यात कामाला. तिथं गेटावर नवीन कॅमेरा बसला, तसा जुना साहेबांनी त्याला देऊन टाकला. दत्तानं तो वळचणीला ठोकला, तोंड लिंबोणीकडं केलं, वायर घरातल्या व्हीसीआरला जोडली आणि म्हणाला, "तात्या, आता फकस्त तीन तासांची कोरी कॅसेट आना. आत घाला, लाल बटन दाबा. दुसरं काई डोकं लावू नका."

आणि गेला कामावर. 'डोकं लावू नका' हे मला सांगून गेला! ज्या माणसानं काष्टीच्या बाजारात बैल पारखण्यात हयात घालवली, त्याला!

सुभद्रेनं कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग विचारलं, "अवो, ह्याला समदं दिसतं व्हय?"

"समदं!"

"आन दिसंल ते खरंखरं सांगतो?"

"माझ्यासारखा!"

तिनं कॅमेऱ्याला आणखी एकदा हात जोडले. (आता कळतं, का ते.)

स्टँडामागं बबनचं व्हिडिओचं दुकान होतं. लग्नांची शूटिंग तोच करायचा. त्यानं गुळगुळीत कागदातली एक कॅसेट काढली. मी वजन बघितलं. कानाशी धरून हलवली.

"आत काय हाय?"

"काईच न्हाई तात्या. कोरी हाय."

"काईच न्हाई आन इकतो? उद्या रिकामं पोतं देऊन म्हनशील, घ्या बाजरी!"

"अवो, तुमी भरायचं तिच्यात!"

"भरंल का न्हाई ते कशावरनं? औताला न जुंपलेला बैल मी कवा घेतला न्हाई. चाललेली दाखव!"

बबननं कपाळाला हात लावला. फळीवर एक कॅसेट होती. ती तो गिऱ्हाइकांना आपलं काम दाखवायला रोज सुरवातीची थोडीशी लावायचा. "ही घ्या चाललेली. पन हिचा उपेग न्हाई. हिचा कान तोडलाय."

"कान?"

त्यानं कॅसेटीच्या कडेची खाच दाखवली. तिथला प्लास्टिकचा तुकडा मोडलेला. आणि माझं मन तिथंच बसलं! आमच्याकडं देवाला सोडलेल्या बोकडाचा कान कातरतात. त्याला कुणी हात लावत नाही, हाकलत नाही. खाऊनपिऊन दांडगा होतो. कान कातरलेलं जनावर म्हणजे खात्रीचं. मी म्हटलं, "हीच पायजे!"

"तात्या, कान तोडला की वरनं काई भरत न्हा—"

"हीच!"

"आन हिच्यात लगीन हाय, तुमच्या—"

"लगीन असू दे न्हाईतर बारसं! रानात धसकटं हायेत म्हनून नांगर थांबतो का?"

कॅसेट घेऊन मी बाहेर पडलो. बबन पुढं सगळ्यांना सांगायचा, की कुणाचं लग्न ते मी तात्यांना दहादा सांगायला बघितलं. खोटं! एकदाच.

दुपारी कॅसेट आत घातली, लाल बटण दाबलं. यंत्रानं ती थुंकून टाकली. परत घातली, परत बटण. परत थुंकली! म्हटलं, असं हाय व्हय? दावं तोडणारे गोऱ्हे मी सरळ केलेत! बटणाला हातच लावला नाही, नुसती आत लोटली. गप गिळली आणि चाकं गरगर फिरायला लागली. बघा! बटण हे अडाणी माणसासाठी असतं. टीव्ही मी बंदच ठेवला. चोर धरायला वीज कशाला जाळायची? आणि तिथंच आडवा झालो.

उठलो तेव्हा यंत्र आपणहून थांबलं होतं, कॅसेट आपणहून पहिल्या जागी गुंडाळली गेली होती. गुणी जनावर कसं, सांजच्याला न हाकलता दावणीला येतं! धावत लिंबोणीखाली गेलो. लिंबं गायब! इतका आनंद मला स्वतःची लिंबं चोरीला गेल्याचा कधी झाला नव्हता.

गल्लीला सांगावा धाडला. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळे घरात मावेनात. गेनबा दारातच उभा राहिला.

"दादा, मला कशाला बोलावलं?"

"तुझ्याबिगर मजा न्हाई! आत ये."

शालन बाळंतपणाला माहेरी आलेली, तीही पोट सावरत आली आणि भिंतीला टेकून बसली. मी फेटा नीट केला आणि टीव्ही लावला.

सनई वाजली.

"आयला, चोर वाजतगाजत आला की!" मागून कुणीतरी बोललं.

"सुरवातीला जाहिरात असती," मी म्हणालो.

जाहिरातीत गेनबाचं दार दिसलं. मांडव दिसला. हळदीची शालन दिसली, आणि तिच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडणारी हिरव्या लुगड्यातली एक बाई दिसली. लुगडं मीच घेतलेलं होतं!

"सुभद्रे! तू माहेरी गेल्तीस ना?"

"गेल्ते की. भिंतीपल्याडच्या."

गल्ली खदखदली. मी कॅसेट काढायला उठलो. "बसा तात्या, चोर यायचाय अजून!" म्हणून दोघांनी मला खाली दाबलं. आणि खरंच चोर आला! मंगलाष्टका सुरू झाल्या. नवरानवरीच्या मागं माझी भिंत. भिंतीवर हळूहळू काहीतरी उगवलं. आधी आंबेरंगी तुरा. मग फेटा. मग मिशा. 'सावधान' झालं की पलीकडून एक हात वर यायचा आणि मूठभर अक्षता भिंतीवरून पडायच्या. शेवटच्या 'सावधान'ला मिशा अंमळ पुढं वाकल्या, आणि फेट्यासकट सगळं एकदम दिसेनासं झालं. (पायाखालचं पिंप कलंडलं होतं. ताशांच्या आवाजात कुणाला कळलं नाही.)

"मागं घ्या! मागं घ्या!" गल्ली ओरडली. मला चार वेळा पाडलं!

गेनबा मात्र हसत नव्हता. "दादा," तो म्हणाला, "तवा तुमी लंगडत हुता. नगरच्या रस्त्यावर पडलो म्हनून गल्लीला सांगितलंत."

"रस्ता लई खराब हुता," मी म्हणालो.

शालन म्हणाली, "तात्या, ही कॅसेट मी आज पैल्यांदाच बघितली. माझ्या पाठीवर मागनं अक्षता पडत हुत्या. मागं तर नुसती भिंत! मला वर्सभर कळंना, कुणी टाकल्या."

मी फेट्याच्या शेमल्यानं नाक पुसलं. मग आठवलं, की आपण रागावलेलो आहोत. "ते ऱ्हाऊ द्या! लिंबं कुणी न्हेली ते ह्यात कुठं हाय?"

"मी न्हेली," सुभद्रा म्हणाली. "पोरीला आंबटाचे डोहाळे. तुमच्या झाडाबिगर दुसरं लिंबू तिच्या तोंडाला लागंना. तोंडानं तुमाला सांगायचा धीर हुईना. म्हनून आज मुद्दाम त्या यंत्राम्होरं हुबी ऱ्हाऊन तोडली. म्हनलं, ह्यो बघंल आन सांगंल. तर तुमची ही कान तुटकी!"

गेनबा आत आला. बऱ्याच वर्षांनी माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दादा, चोर गावला म्हनायचा. मंग सरबत?"

शब्द म्हणजे शब्द. त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीसाठी मी स्वतः लिंबं पिळली. मध्येच कमी पडली, तर सुभद्रेनं भिंतीपलीकडून टोपलीभर आणली. वासावरनंच ओळखली. माझीच होती!

पुढं दत्तानं शहाणपणा करून कोरी कॅसेट आणली. लाल बटण दाबून ती किती दुपारी फिरली, पण तिच्यात एक चोर सापडेल तर शपथ! मी निवडलेलीत एका बैठकीत दोन सापडले. आणि त्यातला एक तर फेटा बांधून, पिंपावर उभा राहून, स्वतः दर्शन द्यायला आला होता!