मामांचा डावा हात

शॉक बसला की माणूस आधी हात झटकतो, मग कोणी पाहिलं का ते बघतो. घाटकोपरच्या आमच्या मोटार-वाइंडिंगच्या वर्कशॉपात कोणी ना कोणी पाहिलेलं असायचंच, म्हणून ऐंशीच्या दशकात किस्से नुसते साचत गेले.

आमचे हेड सावंतमामा, मालवणकडचे. नियम एकच: चालू लाइनवर डावा हात खिशात. "करंट ह्या हातातसून त्या हातात गेलो, तर वाटेत काळीज लागता रे!" पुढे पुढे मामा चहासुद्धा डावा हात खिशात घालूनच प्यायचे.

*

कांबळे माझा जोडीदार. तळव्याने वायर धरली तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो, म्हणून तो प्रत्येक वस्तूला आधी बोटं उलटी लावायचा. मुलगी बघायला गेला. घरच्यांनी 'कंपनीत साहेब' म्हणून सांगितलेलं. चहा आला आणि याने कपाला उलटी बोटं लावली. मुलगी म्हणाली, "तुम्ही वायरमन ना?"

लग्न जमलं यार, झकास!

*

मुलुंडच्या एका वहिनींना फ्रिज शॉक द्यायचा. नवरा म्हणे, मनाचे खेळ. नवरेसाहेबांच्या पायात रबरी स्लिपर, वहिनी अनवाणी. मामांनी साहेबांना स्लिपर काढून फ्रिज उघडायला लावला. साहेब असे उडाले की विचारू नका! आम्ही अर्थिंग जोडायला घेतलं, तर वहिनी म्हणाल्या, "दोन दिवस राहू द्या की."

*

मग मामांच्या मुलीचं, शुभाचं लग्न. दुपारचा मुहूर्त. कन्यादानाला मामा सोवळं नेसून बसले. सोवळ्याला खिसा कुठला? डावा हात कमरेत खोचलेला. भटजी म्हणाले, दोन्ही हातांची ओंजळ करा. मामींच्या हातात पाण्याचा तांब्या, आणि मामांच्या गुडघ्याशी लोखंडी पंखा, वायरीचा जॉइंट उघडा. मध्ये बोलायचं नाही, असं भटजींनी आधीच बजावलेलं. मामांची नजर जॉइंटवरून हलेना. त्यांच्या ओंजळीखाली शुभाची ओंजळ येणार होती.

हात काही बाहेर येईना. शुभाचे डोळे भरले. बापाच्या मनात नाही वाटतं, असं सासरकडचे कुजबुजायला लागले. मुहूर्त टळत होता.

कांबळे उठला, बाहेर गेला आणि हॉलचा मेन स्विच पाडला. पंखे थांबले, सनईची टेपही मध्येच बंद पडली.

"मामा, लाइन बंद!"

मामांनी उजव्या हाताची उलटी बोटं पंख्याला लावून पाहिली. मग डावा हात काढला.