घासलेला जोड

एक्केचाळिसाव्या वर्षी वहिनी वेल्डिंग शिकायला निघाली, तेव्हा सगळ्यात आधी मीच तोंड सोडलं. तिचा शिलाईचा कारखाना बंद पडला, मान्य. पण म्हणून एकदम लोखंड? "कापडं जोडत होतीस ते काय वाईट होतं?" म्हटलं. ती म्हणाली, "तेच तर. जोडायची सवय आहे मला." घ्या! नणंदेलाच टोला.

शिकवणारा उस्ताद म्हातारा. गल्लीच्या टोकाच्या शेडमध्ये चाळीस वर्षं खिडक्यांच्या जाळ्या नि फाटकं करणारा. त्याची अट एकच: सहा महिने शिकायचं, मग स्वतःच्या घराच्या जिन्याला कठडा करायचा. "ज्याला आपलंच माणूस धरणार, असं काम आधी करून दाखव. जमलं तर नोकरी." वहिनीला ती नोकरी हवीच होती. रिकामं बसून बाई पार सुकत चालली होती, मला बघवत नव्हतं.

पहिल्या दिवशी नायलॉनचे कपडे घालून गेली नि ठिणग्यांनी बाहीची चाळण करून आली. दुसऱ्या दिवसापासून दादाचा जाड सुती शर्ट. आठवडाभर रॉड लोखंडाला चिकटायचा, सुटता सुटायचा नाही. एकदा डोळ्यांपुढे काळी काच न लावताच बघितलं, तर दोन दिवस डोळ्यांत वाळू गेल्यासारखी तळमळत होती. मी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि तोंडाचा पट्टाही चालू ठेवला. उस्ताद एवढंच म्हणाला, "उजेडाकडे काय बघतेस? काचेतून वितळलेल्या लोखंडाकडे बघ. दोन्हीकडे धरलं की मगच हात पुढे."

तिचा प्रत्येक जोड तो पकडीत आवळून हातोडीने ठोकायचा. तुटला की म्हणायचा, "पुन्हा." दुसरा नियम, जोड त्याला दाखवल्याशिवाय घासायचा नाही. घासला की चांगला-वाईट सारखाच चकचकीत.

कठडा झाला. उस्ताद आला, वर-खाली बघून म्हणाला, "झकास. सोमवारी ये कामावर." आई तर खुर्चीतून उठलीच. मी चहा ठेवायला वळले, तर वहिनी म्हणाली, "खालचा एक जोड घासलाय मी. आतून पोकळ आहे. पुन्हा करायला धीर झाला नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! असा राग आला मला. तो जोड तर मलाही लांबून चमकताना दिसत होता. उस्ताद वाकला. "घासलाय? कुठे?" नाक लोखंडाला टेकेपर्यंत वाकला, तरी त्याला सापडेना. तेव्हा कुठे आम्हाला कळलं. वहिनीने हातोडी मारली, दुसऱ्या घावाला जोड सुटला. उस्ताद चहा न घेताच गेला.

वहिनीने तो जोड नव्याने केला, दहा वेळा ठोकला. पण घास गिळवेना तिला. "नोकरी गेली तर जाऊ दे," म्हणाली, "पण म्हाताऱ्याची नजर मी चारचौघांत उघडी पाडली." तिची ती दशा बघून सोमवारी मीच तिला ओढत शेडवर नेलं. म्हटलं, माफी माग नि मोकळी हो.

उस्तादने माफीबिफी काही मागू दिली नाही. समोर त्याने स्वतः केलेलं फाटक उभं होतं. "बघ," म्हणाला. "दुपारी गिऱ्हाईक येतंय."

वहिनी प्रत्येक जोडावरून नजर फिरवत गेली. मी मागून चिमटा काढला, चांगलं म्हण गं बाई. ती म्हणाली, "बिजागरीपाशी दोन भोकं राहिलीत."

"कुठे?"

तिने त्याचं बोट धरलं आणि भोकांवर टेकवलं. तो कितीतरी वेळ ते बोट तिथेच फिरवत राहिला.

"भरून टाक," तो म्हणाला. वहिनीने काच लावली. फाटक हलू नये म्हणून उस्तादने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.