नाल्यापलीकडची चार घरं

माझे वडील नकाशे काढायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धडगावच्या वर डोंगरात त्यांचा तंबू होता आणि नाताळच्या सुट्टीत मी तिथे राहायचे. पाड्यांची यादी सुवाच्य अक्षरात लिहिणं हे माझं काम. इंग्रजी शाळेचा तेवढा उपयोग होता.

समोरच्या डोंगराच्या सोंडेवर एका म्हाताऱ्याची चार घरं होती. नकाशात जे नाही ते जंगल, असं फॉरेस्ट गार्डनं त्याला सांगून ठेवलं होतं. म्हणजे घरांबरोबर शेतही जाणार. वडिलांनी पेन्सिलीनं चार चौकोन काढले. ते जागेवर आहेत ना, हे बघायला म्हातारा दोनदा तंबूत येऊन गेला.

मग त्याची सून वारली. घरात माणूस गेलं की ती जागा सोडायची, अशी त्यांची रीत. आठवड्याभरात चारही घरं मोडून नाल्यापलीकडे गेली. वासे, कुडं, कणग्या आणि सगळ्यात शेवटी म्हाताऱ्याचा खोकणारा थोरला भाऊ. मला बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मी हे रोज वहीत लिहीत होते.

तपासणीचे साहेब आले तेव्हा वडील दूरच्या शिखरावर होते. मी साहेबांबरोबर सोंडेवर गेले. तिथे त्यांना चार विझलेल्या चुली सापडल्या.

“इथे घरं नाहीत. खोडा.”

नकाशा काढायचं टेबल वाहणारा आमचा खलाशी, म्हणजे सर्व्हेतला हमाल, खापर गावचा होता. त्याला म्हाताऱ्याची पावरी बोली समजायची. म्हातारा त्याच्याशी बराच वेळ बोलला.

“साहेब, बाबा म्हनी ऱ्हायना, कागद हालत नही व्हई, ते आम्ही घरं वापस लई येतस.”

सून गेली त्याच जागेवर. साहेबांनी खोडरबर काढलं. मी इंग्रजीत म्हणाले की घरं आहेत, फक्त पलीकडे आहेत, आणि वही पुढे केली.

“ताईले बोलता येस,” खलाशी म्हणाला.

साहेबांनी वही वाचली, दुर्बिणीतून पलीकडे पाहिलं आणि टेबल तिकडे न्यायला सांगितलं. दुपारपर्यंत चारही चौकोनांनी नाला ओलांडला.

म्हाताऱ्याची एक शंका उरली. पुन्हा कोणी गेलं तर?

“नकाशा छापून येईपर्यंत थांबा म्हणावं,” साहेब म्हणाले. “दोन वर्षं.”

खलाशानं निरोप पोचवला. म्हाताऱ्यानं विचार करून उत्तर दिलं.

“भाऊले सांगी ठेवस, म्हनस.”

सुट्टी संपेपर्यंत थोरला भाऊ रोज सकाळी नव्या घरापुढे उन्हात बसलेला दिसायचा. मी वहीत तशी नोंद करत गेले.