मनीषाचं आसन टेबलावर नव्हतं

मंडळी, आत्ताच घरी आलेय आणि राग काही जात नाही, म्हणून लिहितेय.

शिकायला जड जाणाऱ्या मुलामुलींना मी आळेफाट्याच्या एका संस्थेत हातमागावर आसनं विणायला शिकवते. आज मंचरला त्यांच्या कामाचं प्रदर्शन होतं. त्यांच्यातली मनीषा नवी साडी नेसून आली आणि टेबलाभोवती फिरून आपलं निळं आसन शोधत राहिली.

टेबलावर सगळी बाजारातून आणलेली आसनं होती. मुलांची खाली पोत्यात कोंबलेली.

संस्था चालवणारे भाऊ, ज्यांच्या शब्दावर मी शाळेतली नोकरी सोडली, हळूच म्हणाले, "ताई, देणगीदारांना फिनिशिंग लागतं. पोरांना काय कळतंय?"

तेवढ्यात एका पाहुण्यांनी टेबलावरचं आसन उचलून मनीषाला विचारलं, "हे तू विणलंस?"

"न्हाई. माझं निळं हाय. ते दिसंना."

भाऊ नुसते हसले. मी पोतं ओढून मुलांची आसनं टेबलावर मांडली. त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत.

परतताना एसटीत मनीषानं विचारलं, "ताई, माझं लई वाईट व्हतं का?"

मी म्हटलं, "नाही गं."

"मग लपवलं का?"

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?