मशीनसमोर घासलेलं नाक

"खंडेनवमीले तुले पाळी होती का?"

मालकानं हे सगळ्यांसमोर विचारलं. दसऱ्याची सुट्टी संपून वर्कशॉप नुकतंच उघडलं होतं आणि माझ्या मिलिंग मशीनचा आर्बर निघत नव्हता. आर्बर म्हणजे कटर धरणारा दांडा. त्याचं निमुळतं टोक वर स्पिंडलमध्ये, मशीनच्या फिरणाऱ्या पोकळ दांड्यात बसतं, आणि स्पिंडलच्या डोक्यातून आलेला लांब बोल्ट त्याला वर ओढून धरतो. बोल्ट सैल करून एक ठोका दिला की दांडा हातात यायला हवा. येत नव्हता. लेथवरची, वेल्डिंगवरची, ड्रिलवरची सगळी माणसं भोवती जमली होती. त्यात बाई मी एकटी.

मी खाली पाहिलं. नाही म्हणायला जीभ उचलली नाही, आणि हो कसं म्हणू? माझं खाली पाहणं हेच उत्तर ठरलं.

"मंग मशीन काऊन नाही रुसणार?" मालक बाकीच्यांना म्हणाला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान मला राग तरी आला असता. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. रोगाचं कारण सापडलं होतं. कारण मी होते, माझं अंग होतं.

मालकानं नारळ आणवला. मशीनची माफी माग म्हणाला. मी हात जोडले.

"असं नाही. नाक घास."

मी घासलं. मला कुणी मानेला धरून वाकवलं नव्हतं. मी आपली आपण वाकले. मशीनचं टेबल गार होतं. खाचेतला लोखंडाचा बारीक कीस नाकाला टोचला. तेलाचा वास आला, ते तेल मीच घातलेलं होतं. उठले तेव्हा नाकाच्या शेंड्यावर काळा डाग होता आणि तो पुसावा की राहू द्यावा हेसुद्धा मला कळेना. पुसला तर मशीनचा अपमान होईल की काय, असं वाटलं. इतकी मी खाली गेले होते.

मी उंद्रीकडची. घरी भाजीपाल्याचा मळा. आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोरीची जात, लोखंडात काय करणार? चिखलीच्या या वर्कशॉपात लागले तेव्हा पहिले काही महिने नुसता कीस झाडला. मग मशीन मिळालं. पेरणी यंत्राचे, थ्रेशरचे भाग त्यावर निघायचे. बाया लग्नाची साडी जपतात, त्याहून मी त्या मशीनला जपत होते. ते हातचं जाईल, हीच एक भीती मला तेव्हा होती. त्या भीतीनंच माझी मान वाकवली.

आता खंडेनवमीला काय झालं ते सांगते.

आमच्याकडे नवमीच्या आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं मशीन पुसायचं. मीही पुसलं. रात्री पाळी आली. सकाळी मी वर्कशॉपात आले, पण आत गेले नाही. फाटकाशी उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. घरी हेच शिकले होते. देवाचं काम, आपण दूर राहावं. मालकीणबाई प्रसाद घेऊन आल्या तर मी लांबूनच नको म्हटलं. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी प्रसाद फाटकाच्या खांबावर ठेवला आणि मागे सरल्या.

म्हणजे मी रीत पाळली, म्हणून पकडली गेले. पाळली नसती तर कुणाला काय कळणार होतं?

फाटकातून मला सगळं दिसत होतं. मालकानं नवा आर्बर हातात घेतला. त्याला हळदी-कुंकू लावलं, निमुळत्या टोकालाही लावलं. वर नारळाचं पाणी शिंपडलं. आणि तसाच ओला स्पिंडलमध्ये घातला. पान्याला पाइप लावून बोल्ट आवळला, जोर लावून, कारण मालकाच्या हाताचा मान होता. ते टोक कोरडं लखलखीत पुसून आत घालायचं असतं. पुसणं माझं काम होतं. पण त्या दिवशी मी माझ्या कामाच्याही बाहेर उभी होते. मग कुलूप लागलं. दसरा झाला. आत पाणी, कुंकू आणि लोखंड एकमेकांना धरून बसले.

नाक घासून झालं, नारळ फुटला, तरी आर्बर हलला नाही. दोघा-तिघांनी वरून घण घातले. शेवटी रामभाऊ, आमचे सगळ्यात जुने लेथवाले, त्यांनी घासलेटची बाटली मुकाट्यानं माझ्या हातात दिली. मी फटीत घासलेट सोडलं आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत तसंच मुरू दिलं. मग बोल्ट थोडाच सैल ठेवला, पूर्ण नाही, म्हणजे आटे तुटत नाहीत. खाली टेबलावर लाकडाची फळी टाकली. तांब्याच्या हातोडीनं बोल्टाच्या डोक्यावर ठोके दिले. आतून कट्ट आवाज आला. उरलेला बोल्ट हातानं सोडवला आणि आर्बर खाली आला.

निमुळत्या टोकावर लाल चिखल होता. गंज आणि कुंकू.

मी तो आर्बर तसाच मालकापुढे धरला. म्हटलं, "कुंकू आत गेलं होतं. ओलं."

त्यानं पाहिलं. नीट पाहिलं. मग म्हणाला, "नारळानं काम केलं."

माना पुन्हा हलल्या. रामभाऊंचीही हलली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानंच दोर वळून द्यायचा. मालकानं जाता जाता हुकूम दिला की यापुढे त्या दिवसांत मी मशीनला हात लावायचा नाही, पॅकिंगला बसायचं, आणि सकाळी आधी रामभाऊंना सांगायचं. दर महिन्याला, बापाच्या वयाच्या माणसाला. मी मान डोलावली. हो, डोलावली.

घरी आईनं नाकावरचा ओरखडा पाहिला. मी सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "झालं ते झालं. काम टिकव, माय." मी न जेवता पडून राहिले. लाज अंगाला चिकटली होती, साबणानं जात नव्हती. आणि पडल्या पडल्या आठवलं. आमच्या मळ्यात त्या दिवसांत वाफ्यात पाय ठेवू देत नसत, वेल सुकतात म्हणून. पण निंदायला माणूस कमी पडलं की हीच आई, त्याच दिवसांत, दिवसभर वाफ्यात वाकलेली असायची. तेव्हा वेल सुकले नाहीत. बाईच्या हाताची गरज पडली की विटाळ सोयीनं फिटतो. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि तरीही नाक घासून आले होते. त्याची लाज जास्त वाटली.

पुढच्या महिन्यात पाळी आली. पोटात कळा होत्या. बसमध्ये सगळा रस्ता काय बोलायचं ते ठरवत गेले, आणि फाटकाशी पोचल्यावर पुन्हा थांबले. रामभाऊ दारातच होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "काही सांगाचं हाये का, पोरी?"

मी तशीच पुढे गेले. आर्बर कोरड्या कापडानं पुसला, बसवला, मशीन चालू केलं. मालक आला तेव्हा मशीनवरचा जॉब, पेरणी यंत्राचा एक भाग, अर्धा झाला होता. मी मशीन थांबवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मले आज पाळी हाये. मशीन चालू हाये. पाहून घ्या."

वेल्डिंगची ठिणगी थांबली. कुणी वर पाहीना. त्या दिवशी माझी मान जिथे होती तिथे आज सगळ्यांच्या होत्या.

मालकानं येऊन मेन स्विच पाडला. "नाक घासलं होतं तू. भुलली काय?"

"नाही भुलली. म्हणूनच सांगून राह्यली."

मी स्विच वर केला. मी म्हणाले की मला काढायचं तर आजच काढा, पण कारण याच माणसांसमोर सांगा, ज्या शब्दांत त्या दिवशी विचारलं त्याच शब्दांत.

तो गेला. कारण अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेलही, मला रस्ता दाखवेलही. दाखवला तर दुसऱ्या वर्कशॉपाच्या दारात मी हेच सांगून उभी राहीन.

नाकावरचा ओरखडा गेला. लाज गेलेली नाही, आणि ती मी जाऊ देणार नाही. येत्या खंडेनवमीला मी फाटकाशी उभी राहणार नाही. पाळी असो नसो, त्या दिवशी स्पिंडल मी पुसणार, आर्बर मी बसवणार. कुंकू लावायचं त्यानं बाहेरून लावावं. आत कुणाचा ओला हात जाऊ देणार नाही.